पाचव्या महिन्याची म्हैस

मी एका म्हशीची तपासणी न करता ती गाभण नाही असे सांगितले होते. हात घातलाच नव्हता असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. मनगटापर्यंत घातला होता, आणि मनगटापर्यंत घातलेल्या हाताला शेणापलीकडे काही कळत नाही, हे मला त्या वेळी चांगले ठाऊक होते. अकोल्याला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षात मी शिकत होतो. म्हैस विकली गेली, कापली गेली आणि तिच्या पोटात पाच महिन्यांचे पारडू निघाले. बोल आमच्या सरांना लागला. मी गप्प राहिलो, आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे गप्पच राहिलो. या काळात लोक मला 'हाताला गुण असलेला डॉक्टर' म्हणू लागले. तेही मी ऐकून घेतले.

सरांचे नाव मी लिहीत नाही. त्यांचे नाव माझ्यामुळे एकदा पुरेसे चर्चिले गेले आहे.

ते आम्हाला प्रसूतिशास्त्र शिकवत. म्हणजे जनावराचा माज, गर्भ, वीण आणि वांझपण. अंगाने वाळके, उंच, आणि सदरे असे की पाहणारा एकदा थांबून पुन्हा पाही. डावी बाही मनगटापर्यंत, उजवी दंडावरच संपलेली. सगळे सदरे असेच. अकोटच्या एका शिंप्याकडून ते शिवून घेत, आणि त्या शिंप्याचा मुलगा रफीक माझ्या वर्गात होता, माझ्याच खोलीत राहत होता. 'अब्बांनी पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा त्यायले वाटलं का कापड कमी पडलं,' रफीक सांगायचा. सर लग्नाकार्यालाही त्याच सदऱ्यात जात. कोणी विचारले तर म्हणत, "दिवसातून वीस डाव बाही वर करायची, त्यापेक्षा नसलेली बरी."

उजव्या हाताने ते पिशवी उचलत नसत. हस्तांदोलनाला डावा हात पुढे करत. एकदा विद्यापीठातून आलेले एक मोठे पाहुणे यावर दुखावले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले होते, "हा हात सरकारी आहे, साहेब. खाजगी कामाले हा दुसरा."

आमच्या अभ्यासाविषयी बाहेरच्या माणसाला फारशी कल्पना नसते. माणसाचा डॉक्टर एक शरीर शिकतो. आम्ही गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, डुक्कर आणि कोंबडी यांची शरीरे शिकत होतो. प्रत्येकाची हाडे वेगळी, दात वेगळे, औषधाची मात्रा वेगळी. गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याचे एकच पोट, कोंबडीचा पोटात दळणारा खडा. पहिल्या वर्षी हाडे, मग स्नायू, मग जंत, विषारी गवते, दूध, चारा, कायदा. यातले बहुतेक पुस्तकातून जमे. सरांचा विषय मात्र खांद्यापर्यंत हात घातल्याशिवाय येत नव्हता. जनावराच्या गुदमार्गातून हात आत न्यायचा, आणि आतड्याच्या पातळ भिंतीआडून खालचे गर्भाशय बोटांनी चाचपायचे. डोळे काही कामाचे नाहीत. "पुस्तकातली म्हैस लाथ मारत नाही," सर म्हणत, आणि फळ्याकडे पाठ करून उभे राहत.

त्यांच्या वर्गाच्या दाराला सुतळीने एक नेलकटर टांगलेला असे. आत येणाऱ्याने दहा बोटे दाखवायची. नख वाढले असेल तर तिथेच कापायचे. अंगठ्या एका ॲल्युमिनियमच्या ताटलीत ठेवायच्या. आमच्यातल्या एकाने ज्योतिषाने दिलेली नीलमाची अंगठी काढायला कुरकुर केली, तेव्हा सर म्हणाले, "शनी बाहेर ठेव बावा. आत त्याले जागा नाही."

पहिले सहामाही सत्र त्यांनी आम्हाला जनावराजवळ जाऊ दिले नाही. वर्गात एक पत्र्याचे पिंप होते. त्याच्या तोंडाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा बसवलेला. त्यातून हात आत घालायचा आणि सरांनी आत काय ठेवले आहे ते सांगायचे. कधी लिंबू, कधी ओल्या फडक्यात गुंडाळलेले अंडे, कधी पाण्याने अर्धा भरलेला फुगा. "किती महिन्याचं?" हा एकच प्रश्न. एकदा त्यांनी पिकलेले सीताफळ ठेवले. मी ते ओळखण्याच्या उत्साहात दाबले आणि माझी बोटे गरात बुडाली. सरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले व वर्गाला सांगितले, "झाला गर्भपात. पुढचा या."

चार-पाच महिन्यांच्या गर्भाची एक खूण असते. गर्भाशयाला रक्त पुरवणारी धमनी जाड होते आणि तिच्यातून रक्त जाताना बोटाला एक घरघर जाणवते. ठोके नव्हेत, घरघर. ती शिकवण्यासाठी सर आम्हाला बागेत नेत, माळ्याच्या रबरी नळीतून पाणी सोडत, आणि डोळे मिटून नळी किंचित चिमटीत धरायला सांगत. पाणी चिमटीतून जाताना नळी थरथरे. आम्ही वीस-बावीस मुले बागेत डोळे मिटून नळी धरून उभे असायचो, आणि इतर वर्गातली मुले व्हरांड्यातून हसायची. "हसू द्या त्यायले," सर म्हणत. "ही घरघर ज्याच्या बोटाले समजली, त्याले म्हैस फसवत नाही. गर्भ खाली पोटात उतरला, हाती नाही लागला, तरी ही नस सांगते."

हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिले आहे. पुढे याच वाक्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही.

त्यांच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला होता. त्याआधी त्यांच्या वडिलांकडे गावची मेलेली ढोरे ओढून नेण्याचे काम होते. ते त्यांनी एका दिवसात सोडले. सर याविषयी सहसा बोलत नसत. एकदाच, शिबिराहून परतताना जीपमध्ये, कोणी विचारले नसताना म्हणाले, "माया बापानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. मी जित्या ढोरात अजून एक जीव आहे का, ते पाहातो. एका पिढीत एवढं झालं, लय झालं."

आणखी एक संभाषण मला विसरता आलेले नाही. वर्गात सर सांगत होते की माणसाच्या डॉक्टरचा रोगी खोटे बोलतो. आपला रोगी बोलतच नाही, त्याचा मालक खोटे बोलतो.

"अन् डॉक्टर, सर?" रफीकने मागून विचारले.

"डॉक्टर खोटं बोलला तं धरणारं कोणी नाही. आत काय होतं ते त्यालेच माहीत. म्हणून त्यानं बोलायचं नसते."

नव्वदचे दशक संपत आले होते. कापसाची काही वर्षे सलग वाईट गेली होती, आणि कापसाच्या मागे लागून लोकांनी ज्वारी पेरणे कमी केले होते, त्यामुळे कडबाही नव्हता. कडबा नसला की उन्हाळ्यात घरात एकच विचार चालतो: हे जनावर ठेवायचे की विकायचे? गाभण असेल तर काहीही करून ठेवायचे, कारण पुढे दूध आहे. खाली, म्हणजे गाभण नसलेले, असेल तर बाजार दाखवायचा. सरांनी त्या वर्षांत गावोगावी गर्भतपासणीची शिबिरे सुरू केली ती यासाठी. शेवटच्या वर्षाची मुले ते बरोबर नेत.

शिबिरात त्यांचा एक नियम होता, आणि महाविद्यालयात तो त्यांच्या विक्षिप्तपणाचा सर्वात मोठा पुरावा मानला जाई. प्रत्येक जनावर दोन विद्यार्थ्यांनी तपासायचे, एकामागून एक, एकमेकांशी न बोलता. प्रत्येकाने सरांजवळ जाऊन आपले उत्तर त्यांच्या कानात सांगायचे. दोन्ही उत्तरे जुळली तर सर ते मालकाला सांगत, जनावराच्या शिंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकत आणि रजिस्टरात लिहून खाली स्वतःची सही करत. उत्तरे जुळली नाहीत तरच ते स्वतः हात घालत. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी एकदा त्यांना विचारले, तुम्ही सगळीच जनावरे स्वतः का पाहत नाही? सर म्हणाले, "मी मागून हात घालणार हे समजलं का यायचा हात झोपते. यायच्यामागं कोणी नाही, असं वाटलं पायजे." रजिस्टरात विद्यार्थ्यांची नावे ते लिहीत नसत.

रफीक आणि मी जोडी होतो. आमचे दोघांचेही हात चांगले आहेत असे सर म्हणत. तिसऱ्या-चौथ्या शिबिरापासून आम्ही एक खूण ठरवली होती. आधी तपासणाऱ्याने हात धुतल्यावर साबण बादलीच्या काठावर ठेवला तर जनावर गाभण, जमिनीवर ठेवला तर खाली. सुरुवातीला ही खूण फक्त शंका असेल तेव्हासाठी होती. मग ती सवय झाली. दुसऱ्याने हात घालायचा तो दाखवण्यापुरता. हा बेत माझा होता. रफीक आधी हसला होता, मग तयार झाला होता.

त्या दिवशी शिबिर अकोटजवळच्या एका गावात होते. वैशाखातले ऊन, निंबाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि जनावरांची रांग शाळेच्या भिंतीपर्यंत गेलेली. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता. अमरावतीला मावसभावाची हळद होती आणि मला चारची एसटी गाठायची होती. एकतिसावे जनावर शेवंताबाईंची म्हैस होती. शेवंताबाई गावच्या फाट्यावरच्या हॉटेलला दूध घालत, आणि घरात दुभते जनावर तेवढेच. म्हैस आटली होती. त्या खोड्याजवळ येऊन सरांना म्हणाल्या, "डॉक्टरसाब, पक्कं सांगजा. असन तं मी शेजारपाजाऱ्यायच्या बांधावरचं गवत खुरपून आणीन, पण ठेवीन. नसन तं अकोटच्या बाजारात जाईन ते."

"पक्कंच सांगतो, माय," सर म्हणाले.

म्हशीने जोर केला आणि माझ्या छातीवर शेण उडाले. मी मनगटापर्यंत हात घातला. घड्याळात पाहिले. क्षणभर थांबलो, कारण लगेच काढला तर सरांच्या लक्षात आले असते. मग हात काढला, धुतला, साबण जमिनीवर ठेवला, सरांच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "खाली आहे, सर." माझ्यामागून रफीकने तेच सांगितले. मला एसटी मिळाली.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या कत्तलखान्यात आमचे प्रात्यक्षिक होते. तिथे कापलेल्या जनावरांची गर्भाशये आम्ही उघडून पाहत असू. बोटांनी जे ओळखले ते डोळ्यांनी पडताळण्याची ती जागा. तिथल्या मुख्य खाटकाला सर 'उस्ताद' म्हणत आणि आम्हालाही तसेच म्हणायला लावत. "डोळे झाकून सांधा शोधते तो. तुमच्यापैकी कोणाले येते?" उस्तादने आमच्यासाठी ओल्या गोणपाटावर पाच-सहा गर्भाशये काढून ठेवली होती. एक मोठे होते. सरांनी रफीकला पुढे बोलावले.

"किती महिन्याचं?"

"पाच, सर."

सरांनी ते उघडले. मांजराएवढे पारडू, अंगावर अजून केस नसलेले. सर आम्हाला त्याची लांबी मोजून वय कसे काढायचे ते सांगू लागले. तेवढ्यात उस्ताद म्हणाला, "डाक्टरसाब, ये तो आपकेच नंबर की थी." कोपऱ्यात मुंडकी पडली होती. एका वळलेल्या शिंगावर पांढऱ्या रंगात सरांच्या अक्षरात ३१ लिहिलेले होते.

सरांनी डाव्या हाताने पिशवीतून रजिस्टर काढले, पान उलटले आणि आमच्या सगळ्यांसमोर वाचले. "एकतीस. म्हैस. खाली." रजिस्टर मिटले. आमच्याकडे, विशेषतः माझ्याकडे किंवा रफीककडे, त्यांनी पाहिले नाही. नळावर जाऊन ते बराच वेळ हात धूत राहिले. "आजचा तास झाला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वसतिगृहात आले आणि मला म्हणाले, "चाल मायासंगं. त्या बाईले सांगून येऊ." मी म्हणालो, "सर, तिले माहीतच नाही. ढोर विकलं गेलं. आता कोण सांगणार तिले?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू माझे बोलणे त्यांना कळलेच नाही. एसटीत ते खिडकीशी बसले. मला बरोबर का घेतले, हे मी नंतर अनेकदा मनात तपासले आहे. माझ्यावर संशय असता तर त्यांनी मला विचारले असते. त्यांनी मला घेतले ते मी त्यांचा चांगला विद्यार्थी होतो म्हणून. चूक कशी कबूल करायची असते हे मी पाहावे, असे त्यांना वाटले असावे.

शेवंताबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. गोठ्यात खुंटा तेवढा होता.

"माय," सर उभ्यानेच म्हणाले, "तुयी म्हैस गाभण होती. पाच महिन्यांची. मी खाली म्हणून सांगतलं. चूक मायी."

सूप त्यांच्या हातात तसेच राहिले. "कापली?"

"हो."

"पोटात काय होतं? हल्या का वगार?"

"वगार होती."

वगार, म्हणजे मादी पारडू. त्यांनी सूप खाली ठेवले. वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. त्यांनी आम्हाला विचारले नाही. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाब, तुमी पक्कं म्हटलं होतं. मंग त्या दिवशी तुमच्या हाताले काय झालतं?"

"मले माहीत नाही, माय," सर म्हणाले. "मी शोधून काढीन."

मी त्यांच्या मागे एका पावलावर उभा होतो. त्या प्रश्नाचे उत्तर त्या अंगणात फक्त मला माहीत होते, आणि ते एका वाक्याचे होते.

सर स्वतः जाऊन सांगून आले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. गावातून तक्रार आली. चौकशी बसली. तिथे काय झाले ते मला कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले. समितीने विचारले, जनावर कोणी तपासले? सर म्हणाले, "सही कोणाची आहे?" "तुमची." "मंग विचारायचं काय राहिलं?" त्यांच्याकडून शिबिरे काढून घेतली. होऊ घातलेली बढती थांबली. त्याच सुमारास व्हरांड्यात चार प्राध्यापक उभे असताना त्यांतला एक म्हणाला, "कोट्यातून आलेला हात. दुसरं काय होणार?" बाकीचे हसले. मी जर्नल तपासून घ्यायला तिथे उभा होतो. हसलो नाही, एवढेच. त्यांच्यापुढे जर्नल धरले, त्याच माणसाची सही घेतली आणि आभार मानून निघालो.

रफीकला ते सहन होईना. "यार, सरले सांगून टाकू. त्यायच्या सदऱ्याची बाही माया बाप कापते. मी काय तोंड दाखवू?" हे तो मला तीन दिवस सांगत होता. मी आधी त्याला शेवटच्या वर्षाच्या निकालाची भीती घातली. ती पुरली नाही, तेव्हा मी म्हणालो, "मामला कत्तलखान्याचा आहे, रफीक. दोन नावं निघाली तं लोक कोणतं धरतील, तूच पाहाय." त्याने खोलीतली आपली ट्रंक दुसऱ्या खोलीत नेली. पास झाल्यावर त्याने जनावराला हात लावला नाही. औषध कंपनीत गेला. आमचा संबंध उरलेला नाही. मी त्याला जे बोललो ते म्हशीपेक्षाही वाईट होते, हे मी आता मानतो.

मी सरकारी नोकरीत लागलो. भीतीने म्हणा, अपराधाने म्हणा, त्यानंतर मी एकही जनावर खांद्यापर्यंत हात घातल्याशिवाय सोडले नाही. माझे निदान चुकत नसे. धामणगावला असताना माझ्या हाताखाली एक तरुण डॉक्टर आला, आमच्याच महाविद्यालयाचा. एका शिबिरात त्याने म्हशीला तपासले, हात काढला आणि मालकाला सांगितले, "दोन महिन्यांनी या."

"काहून?" मी विचारले. "आज काय लागलं हाताला?"

"काहीच नाही, सर. पण म्हैस पाचव्या-सहाव्या महिन्यात असली तर गर्भ खाली उतरतो आणि नसही कधी कधी बोलत नाही. हात फसतो. आमच्या सरांनी पक्कं शिकवलंय, अशा वेळी खाली म्हणायचं नाही. दोन महिन्यांनी बोलवायचं."

"नळी धरायला लावायचे ते? बागेत?"

"नाही. नळी कोणती?"

मी स्वतः हात घातला. म्हैस खरोखरच खाली होती. त्या मुलाला मी आणखी बरेच विचारले. सर आता कोणाचाही हात मानत नव्हते, स्वतःचाही नाही. कानात सांगणे बंद झाले होते. महाविद्यालयात कोणी जनावर घेऊन आले की ते तपासत आणि म्हणत, दोन महिन्यांनी या. मुलांनी त्यांचे नावच 'दोन महिने' पाडले होते. त्या वर्षांत कडबा नसलेल्या घरात दोन महिने थांबणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात सांगावे लागत नाही. लोक जनावर परत नेत आणि न कळताच विकत. ज्या माणसाने अचूक सांगता यावे म्हणून गावोगाव शिबिरे घेतली, तो आता कोणालाच काही सांगत नव्हता, आणि त्याची मुले ते शास्त्र म्हणून पुढे नेत होती. माझ्या एका खोट्याचा मेळ बसवण्यासाठी त्यांनी आपली खरी विद्या मोडली होती.

हे कळल्यावरही मी लगेच गेलो नाही. तेवढे तरी इथे लपवू नये. कितीतरी वर्षे गेली. सर निवृत्त झाले, अमरावतीला मुलीकडे राहायला आले, आणि माझी बदली अमरावतीला झाली तरी त्यांच्या घरापासून दोन चौकांवर मी दीड वर्ष त्यांना न भेटता राहिलो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, फार वाळले होते. मला ओळखून इतके आनंदले की मला बसवेना. "ये बावा, ये. तुयीच वाट पाहात होतो म्हणलं तं खोटं होईन, पण तुले एक विचारायचं होतं." मुलीला हाक मारून त्यांनी आतून एक जाड वही मागवली. वहीत म्हशीच्या कटिभागाची चित्रे होती. पानामागून पान, बाजूला टिपणे, वर्षानुवर्षांची. कुठे गर्भाशय किती खोल उतरले तर बोट चुकेल याची मापे, कुठे धमनी कोणत्या कोनात दबली तर घरघर थांबेल याचा तर्क. प्रत्येक पानावर वर ३१ लिहिलेले.

"पाहाय," ते म्हणाले, "दोन पोट्ट्यायचे हात. तुया अन् त्या टेलरच्या पोराचा. दोन्ही चांगले. दोन्ही वेगळे वेगळे येऊन सांगतात, खाली. दोन हात एकाच वेळी चुकत नाहीत. म्हणजे कसूर म्हशीत असली पायजे, नाही तं माया शिकवण्यात. मले अजून समजलं नाही. त्या बाईले मी शोधून काढीन म्हणलं होतं. ती गेली बिचारी, माया हातून उत्तर देणं झालं नाही." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "तुयी बोटं त्या दिवशी काय सांगत होती? आठवून सांग. लाजू नको. तुयं चुकलं असं मी म्हणत नाही."

मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. अकोल्याच्या दिवसांपासून ती मला ओळखत होती. ती मला भाऊ म्हणत असे. ती आत जाईपर्यंत थांबावे, असे क्षणभर वाटले. मग थांबलो नाही. उठून उभा राहिलो. माझा आवाज मुळातच बारीक आहे. त्या दिवशी तो तिच्यापर्यंत पोहोचेल इतका मी वर काढला.

"सर, माया बोटांनी काहीच सांगितलं नाही, कारण ती तिथपर्यंत गेलीच नव्हती. मी मनगटापर्यंत हात घातला अन् खाली म्हणालो. रफीकले मी खूण केली होती, त्यानं माया भरवशावर तेच सांगितलं. तो तुमाले सांगणार होता, मीच त्याचं तोंड दाबलं. म्हशीत कसूर नव्हती. तुमी शिकवलेलं सगळं खरं होतं, अजूनही खरं आहे. पाचव्या महिन्याची म्हैस हाताले लागते, मी रोज पाहातो. चूक मायी होती, अन् ती तुमच्या नावावर मी इतकी वर्षं राहू दिली. मले माफ करा, सर."